जाहीर धिक्कार, नावाची जागा कोरी

एकतीस वर्षं मी कोपरीतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासली. त्यातून मला दोन वाईट सवयी लागल्या. एक, दुकानांच्या पाट्या वाचून भर रस्त्यात चिडायचं. दुसरी, समोर आलेला कागद नुसता अक्षरं म्हणून वाचायचा, त्यात लिहिलंय काय ते डोक्यात शिरूच द्यायचं नाही. आमचे फोरमन म्हणायचे, शीलाबाईंच्या हातात त्यांच्याच मरणाची बातमी दिली तरी त्या ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत करतील. मी हसायचे. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला सदुसष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

ठाकुर्ली पूर्वेला आमची इमारत. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मुलगा-सून कल्याणला असतात. इमारतीतल्या सगळ्यांचे कागद माझ्याकडे येतात. लग्नाची पत्रिका, दहाव्याची खबर, बँकेचं पत्र, गॅसवाल्याची तक्रार, काय वाट्टेल ते. मला टायपिंग येत नाही, पण अक्षर चांगलं आहे आणि फी फक्त एक कप चहा. तोही मीच करते.

आमच्या इमारतीची एक गोष्ट मात्र मी कल्याणपर्यंत मिरवत सांगायचे. चौथ्या मजल्यावर दगडूभाऊ आणि केशरबाई राहतात. दगडूभाऊ रेल्वेत फिटर होते, आता पाय गेले आणि मूत्रपिंडंही. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. त्या दिवशी सकाळी सात वाजता इमारतीतले चार जण त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवतात आणि दुपारी पुन्हा वर चढवतात. कुणाची पाळी कधी, ते मी खालच्या फळ्यावर खडूने लिहिते. माझ्या दारात खुर्ची टेकते, माणसं दम खातात, मी पाणी देते. दगडूभाऊ विचारतात, "काय शीलाताई, आज कुणाची चूक पकडली?" तीन वर्षं असंच चाललं होतं, एकही पाळी चुकली नव्हती.

गणपती झाले आणि आठवड्याभरात पालिकेची माणसं आली. गच्चीवरची पत्र्याची शेड त्यांनी दीड तासात उतरवली आणि गेली. शेड बेकायदा होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बारा वर्षं उभी होती. बारशी, हळदी, वाढदिवस, सगळं तिथेच व्हायचं. माझ्या नातीचा, उर्वीचा साखरपुडा महिन्याभराने तिथेच ठरला होता. साठ आमंत्रणं मी हाताने लिहिली होती, पत्त्यासकट. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या!

कुणीतरी लेखी तक्रार केली होती. कुणी, ते पालिका सांगेना.

मग काय, इमारतीचा नूरच पालटला. जिन्यात माणूस भेटलं की आधी त्याच्या डोळ्यांत बघायचं, मग 'काय, कसं काय' करायचं. दोघं बोलत असले आणि तिसरा आला की विषय एकदम पावसावर जायचा. मीही यात मागे नव्हते. दाराच्या भोकाला डोळा लावून कोण कुणाकडे जातं ते बघत बसायचे. केशरबाईसुद्धा खाली मान घालून जायला लागल्या, तेव्हा मला वाटलं, बिचारी, वातावरणाने भेदरली.

माझा संशय मेघनावर होता. तिसऱ्या मजल्यावर राहते, दोन शाळकरी मुली, नवरा बदलीवर नागपूरला. ती पालिकेच्या पाणी विभागात कारकून, म्हणजे कागद कुठे सरकवायचा हे तिला माहीत. शिवाय एकदा कुणाच्या तरी हळदीला ती वर येऊन 'मुलींची परीक्षा आहे, स्पीकर जरा कमी करा' म्हणाली होती. तिच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. त्यावरून कुणी तोंडाने काही म्हटलं नाही, म्हणणारही नाही, सगळे शिकलेसवरलेले. पण संशयाने आधी कुठलं दार ठोठावायचं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. मलाही नाही.

गुरुवारी आमचा सेक्रेटरी विनीत आला. पस्तिशीचा, बोलायला गोड, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर.

"काकू, एक जाहीर निषेध लिहून द्या ना. फळ्यावर लावायचाय."

"कुणाचा?"

"नाव नंतर. जागा कोरी सोडा. रविवारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर भरू."

"म्हणजे कळलंय कोण ते?"

"ऑलमोस्ट," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. "आणि काकू, हातानेच लिहा हां. तुमच्या अक्षराला वजन आहे. खाली सहीपण करा, कोणी लिहिलं ते कळू दे लोकांना."

मूर्ख म्हातारी मी, फुगले! वर त्याला शब्दांचा पाठ दिला.

"निषेध मिळमिळीत आहे रे. निषेध म्हणजे मुळात मनाई. शास्त्रात विधी आणि निषेध, हे करा आणि हे करू नका, एवढंच. सभेत हात वर करून 'निषेध असो' म्हणायला लागले लोक, तेव्हापासून तो चौकाचौकात बॅनरवर चढला. उद्या चहा गार मिळाला तरी जाहीर निषेध करतील."

"मग बहिष्कार?"

"बहिस् म्हणजे बाहेर. माणसाला बाहेर करणं. तो चालेल."

"नको नको, तो नको," विनीत घाईने म्हणाला. "सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आलाय, आत जाऊ सगळे. काम तेच झालं पाहिजे, पण शब्द तो नको. समजलं ना?"

मला चांगलंच समजलं. इथे थोडं मागचं सांगते, त्याशिवाय माझा गुन्हा किती मोठा ते कळायचं नाही.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या घराला गावाने वाळीत टाकलं. गुहागरकडचं आमचं गाव. वाळणे म्हणजे जुन्या मराठीत टाकून देणं, वगळणं. तो शब्द मी कोशात फार पुढे बघितला, आधी अंगावर बघितला. पाणंदीवरच्या अतिक्रमणाची चुगली माझ्या बाबांनी तलाठ्याकडे केली, असा गावकीला संशय आला. पुरावा काही नव्हता. देवळात बैठक झाली, निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकीने चुलीसाठी विस्तव दिला नाही. माझी मैत्रीण माझ्याकडे बघून पाटीवर काहीतरी गिरवत बसली. कुणी शिवी दिली नाही, मारलं नाही. नुसतं कुणी बोलेना. त्याच पावसाळ्यात आजी गेली. तिरडीला चार खांदे लागतात. पुढे बाबा आणि डोंबिवलीहून धावत आलेला मामा, मागे चौदा वर्षांचा माझा भाऊ आणि आई. तेव्हा आमच्याकडे बायका स्मशानात जात नसत. आईने पदर खोचला आणि बांबू खांद्यावर घेतला. लोक अंगणात उभे राहून बघत होते. त्या वर्षीच आम्ही गाव सोडलं.

इतकं भोगून मला शहाणपण यायला हवं होतं, नाही का? आलं नाही. मला फक्त एवढंच आठवलं की तो उपाय लागू पडतो. रात्री जेवण करून बसले आणि लिहिलं:

"आम्ही सर्व सभासद _______ यांचा जाहीर धिक्कार करतो. ज्यांनी शेजारधर्माला काळिमा फासला, त्यांच्याशी बोलचाल, देवाणघेवाण न ठेवणे वा कोणतेही साहाय्य न करणे हे प्रत्येक सभासद आपले कर्तव्य मानेल. घरातील एकाने संबंध ठेवल्यास तो संपूर्ण घराचा समजला जाईल."

शेवटचं वाक्य गावकीचं होतं, माझं नव्हे. अठ्ठावन्न वर्षं ते माझ्या डोक्यात जसंच्या तसं पडून होतं. आणि धिक्कार का, तर 'धिक्' हा नुसता तोंडातून निघणारा उद्गार आहे. थुंकायच्या आधी निघतो तसा. कुठल्या कायद्यात बसायचा नाही. मी खाली सही केली आणि कागद दोनदा वाचला. एकही चूक नव्हती.

शुक्रवारी दुपारी केशरबाई दारात आल्या. चप्पल न काढता तिथेच उभ्या.

"ताई, नोटीस लिवताय म्हनं तुमी?"

"हो. बघा आता एकेकाला कसं सरळ करते ते."

"ताई, त्यो अर्ज हाय ना, म्हंजी आपुन..."

"अर्जबिर्ज आता नको हो, केशरबाई. रविवारची मीटिंग होऊन जाऊ दे, मग सावकाश लिहू."

 त्या तशाच वर निघून गेल्या. मला वाटलं, पेन्शनचं काहीतरी असेल.

शनिवारी मी मेघनाकडे गेले. उगीच नव्हे, तिचा चेहरा वाचायला गेले होते. ती मुलींचे गणवेश इस्त्री करत होती.

"तू वाचणारी मुलगी आहेस," मी म्हटलं. "निषेध बरा की धिक्कार गं? नोटीस लिहितेय."

तिने इस्त्री उभी केली. "झाली असेल की लिहून, काकू. मला का विचारताय?"

बघा, कशी सावध! मी तिला आमच्या गावाची गोष्ट सांगितली, म्हटलं जरा मोकळी होईल. तिने नीट ऐकून घेतली.

"वाईट झालं," ती म्हणाली. "पण काकू, तुम्हाला वाळीत टाकलं म्हणजे आधी तुम्ही आत होतात. माझे आजोबा विहिरीवर पाणी मागायला गेले म्हणून गावाने आमच्या वस्तीचं दळण, दुकान, मजुरी, सगळं बंद केलं. आम्हाला बाहेर काढायला आत घेतलं होतं कुणी? तो शब्द मला नका समजावू. माझ्या घरात त्याची फोड पोरांनाही येते."

मी उठले. ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "एक ऐकाल? ती नोटीस हाताने लिहिलेली देऊ नका. विनीतला म्हणावं, टाइप करून घे."

"का गं?"

"नका देऊ. एवढंच."

चोराच्या मनात चांदणं! जिना उतरताना माझी खात्री पटली. हस्ताक्षराची भीती कुणाला वाटणार? ज्याने लिहिलंय त्यालाच. घरी आले आणि तोच हातचा कागद पाकिटात घालून विनीतच्या दारात देऊन आले. वर म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावर लक्ष ठेव."

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सोळाच्या सोळा घरांतून माणसं आली. मी पहिल्या रांगेत. मेघना खांबाजवळ उभी, हाताची घडी घालून. केशरबाई अगदी मागे. विनीतने माझी नोटीस मोठ्याने वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काय लिहिलंय काकूंनी!" असं कुणीतरी म्हणालं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"काकू, हे तुमचंच अक्षर ना?" विनीतने विचारलं.

"मग कुणाचं?"

"नाही, सगळ्यांसमोर एकदा कन्फर्म केलं." त्याने खिशातून दुसरा कागद काढला. "पालिकेतल्या तक्रारअर्जाचा फोटो ओळखीने मिळवला. नाव-गाव झाकलेलं आहे, मधला एक परिच्छेद दिसतो. आता बघा."

त्याने दोन्ही कागद शेजारी धरले आणि पहिल्या रांगेतून फिरवले. कागद माझ्या हातात आला. 'गच्चीवरील पत्र्याच्या शेडचे खांब स्लॅबमध्ये रोवल्यामुळे भेगा पडल्या आहेत. तरी सदर शेडची पाहणी करून योग्य ती कारवाई व्हावी.' माझं अक्षर. माझा ळ, शेपटी वर वळवलेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मला सगळं आठवलं. श्रावणातला सोमवार होता, केशरबाई अळूची जुडी घेऊन आल्या होत्या. "ताई, ह्यांच्या खाटंवर पानी ठिबकतंय. विनीतला तीनदा सांगितलं, त्यो बगतो बगतो म्हनतोय." त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. विषय होता घरातल्या गळतीचा, तो भाग फोटोत झाकलेला होता. त्यांनी 'खांब खुपसल्यामुळं' म्हटलं, मी 'रोवल्यामुळे' केलं आणि स्वतःवरच खूश झाले. 'योग्य ती कारवाई' हे तर मी सगळ्याच अर्जांच्या शेवटी लिहिते. ती कारवाई म्हणजे काय, याचा विचार तेव्हा केला नाही, नंतरही नाही. अक्षरं वाचली, मजकूर नाही.

"मला पहिल्यापासून डाऊट होता," विनीत म्हणत होता. "इतकं शुद्ध मराठी आपल्यात लिहितं कोण? बोला काकू. स्वतःसाठी लिहिलंत की कुणी लिहून घेतलं? कुणी घेतलं असेल तर नाव सांगा, विषय संपला. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

 मी मागे वळून बघितलं. केशरबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. त्यांच्या पुढच्याच रांगेत बंटी आणि बाकी तिघं बसले होते, मंगळवारच्या पाळीचे. बंटी मान हलवत होता, "ज्याने कोणी केलंय ना, सोडायचं नाही." कोणतेही साहाय्य न करणे. मीच लिहिलं होतं ते, दोनदा वाचून. ते नाव त्या जागेत गेलं तर परवा सात वाजता चौथ्या मजल्यावर कोण जाणार होतं? केशरबाई एकट्या खुर्चीचा कुठला पाय धरणार होत्या?

"ताई..." केशरबाई पुढे यायला लागल्या.

"केशरबाई, तुम्ही मध्ये पडू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की माझी मीच दचकले. "दगडूभाऊ वर एकटे आहेत. जा तुम्ही." मग विनीतकडे वळले. "माझा अर्ज आहे. मीच केला."

"पण का काकू? उर्वीचा साखरपुडा होता ना तिथे?"

"शेड बेकायदा होती. मी आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या, अजून सवय गेली नाही."

त्यांना ते लगेच पटलं, याचं मला वाईट वाटलं. "वाटलंच होतं," मागून एक बाई म्हणाली. "स्वतःला फार शहाणी समजते." त्या बाईच्या सासऱ्यांच्या दहाव्याची खबर मी लिहिली होती.

विनीतने नोटीस खुर्चीवर ठेवली. नाव घालायला त्याचा हात धजेना.

"पेन दे इकडे," मी म्हटलं. कोऱ्या जागेत लिहिलं, 'श्रीमती शीला यशवंत दळवी'. अक्षर नीट आलं.

संध्याकाळी सात-आठ दारांवरून मी गेले, एकही उघडं राहिलं नाही. उर्वीच्या साखरपुड्याची इमारतीतली तेरा आमंत्रणं पायपुसण्यावर परत आली होती. मी ती गोळा केली आणि रडले. मुलाला फोन करून सांगितलं, कल्याणलाच एखादा हॉल बघ, इथून कुणी येणार नाही.

साडेआठला बेल वाजली. दारात मेघना, हातात झाकलेलं भांडं.

"जा बाई, तुझं नाव यात यायला नको. पूर्ण घराचा संबंध धरतात, मीच लिहिलंय तसं."

"वाचलंय मी," ती म्हणाली आणि आत आली. "विनीतने तो फोटो मला दहा दिवसांपूर्वी दाखवला होता. अक्षर ओळखतेस का म्हणून. माझ्या मुलीचा निबंध तुम्ही सुधारून दिला होतात, मी लगेच ओळखलं. त्याला सांगितलं, नाही ओळखत."

मी तिच्या हातातलं भांडं घेऊन टेबलावर ठेवलं.

"मेघना, त्या कोऱ्या जागेत मला तुझं नाव घालायचं होतं."

"माहीत आहे, काकू," ती म्हणाली. "जेवून घ्या."

मंगळवारी सवयीने सहालाच उठले. तांब्या भरला, चार पेले मांडले आणि मग आठवलं. दार उघडायचं धाडस झालं नाही, दाराआडच उभी राहिले. सातला वरून खुर्ची निघाल्याचा आवाज आला. तिसरा मजला झाला. माझ्या मजल्यावर पावलं आली.

"इथे नको, खाली टेकवू," बंटीचा आवाज.

"अरे, ताईंचं दार आलं ना?" दगडूभाऊ म्हणाले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. "थांबा की रे. ओ शीलाताई!"

कुणी थांबलं नाही. मी दाराला कान लावला आणि जिना उतरणारी पावलं मोजली. चौघांची होती.